तुंबलेली वाट मोकळी करताना
कुत्र्यांच्या मूत्रमार्गाच्या कर्करोगावरील उपशामक शस्त्रक्रियांचा आढावा

कुत्र्याच्या मूत्राशयाच्या कर्करोगात गाठ शरीरभर पसरण्याची वेळ अनेकदा येतच नाही. त्याआधी लघवी तुंबते. भूक शाबूत असते, फुप्फुसे स्वच्छ असतात, घरचे माणूस दारात आले की शेपूट हलते. पण मूत्राशयाच्या तोंडाशी वाढलेल्या गाठीने वाट पूर्ण बंद केली की दोन-तीन दिवसांत जनावर मरणाच्या दारात जाते. रक्तातले पोटॅशियम वाढते, हृदयाचे ठोके बिघडतात, मूत्रपिंडे काम सोडू लागतात. अशा वेळी डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न लघवी कशी होईल हा असतो; गाठीचे काय करायचे, हा त्यानंतरचा.

बराच काळ या पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर दिले जाई: इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र पोट न फाडता, नैसर्गिक वाटेनेच आत जाऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर किंवा दुर्बिणीतून पाहत ही वाट मोकळी करण्याचे तंत्र पशुवैद्यकाने उभे केले. या सगळ्या शस्त्रक्रिया उपशामक आहेत. कर्करोग बरा करण्याचा दावा त्यांत नाही. उरलेले दिवस सुसह्य व्हावेत एवढाच त्यांचा हेतू आहे. हेतू लहान वाटला तरी तो कितपत साधतो, कोणत्या किमतीला साधतो आणि यश कशात मोजायचे, हे प्रश्न लहान नाहीत.

आधी रोगाची ओळख. कुत्र्यांच्या मूत्राशयात होणारा सर्वांत सामान्य कर्करोग म्हणजे युरोथेलियल कार्सिनोमा. त्याचे जुने नाव ट्रान्झिशनल सेल कार्सिनोमा, म्हणून जुन्या पिढीतले डॉक्टर अजूनही 'टीसीसी'च म्हणतात. कुत्र्यांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा दीड-दोन टक्क्यांच्या आसपास. वय साधारण दहा-अकरा वर्षांचे, आणि नरांपेक्षा माद्यांत प्रमाण जास्त. जातींमध्ये स्कॉटिश टेरियरचे नाव सर्वांत वर लागते: इतर कुत्र्यांच्या तुलनेत या जातीला धोका अठरा ते वीस पट. वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर, शेटलँड शीपडॉग, वायर फॉक्स टेरियर आणि बीगल ही नावेही यादीत आहेत. यांतला बीगल आपल्याकडच्या शहरी घरांत आता सर्रास दिसतो, हे इथेच नोंदवून ठेवतो.

या रोगाविषयी आज जे काही पक्के माहीत आहे, त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठातून आले. डेबोरा नॅप यांनी तिथे कित्येक दशके याच एका कर्करोगावर काम केले आहे. २००४ साली तिथल्या संशोधकांनी स्कॉटिश टेरियरच्या अभ्यासात दाखवले की फिनॉक्सी प्रकारची तणनाशके मारलेल्या हिरवळीवर वावरणाऱ्या कुत्र्यांत हा रोग जास्त आढळतो. २००५ च्या अभ्यासात आठवड्यातून किमान तीनदा हिरव्या पालेभाज्या किंवा पिवळ्या-केशरी भाज्या खाणाऱ्या स्कॉटिश टेरियरांत धोका बराच कमी दिसला. अलीकडे, २०२४ मध्ये, घरातल्या सिगारेटच्या धुराचा संबंध याच जातीत पुढे आला. धुरात राहणाऱ्या कुत्र्यांना धोका सुमारे सहा पट. माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगातही तंबाखू हेच मोठे कारण आहे. कुत्रे स्वतः ओढत नाही. आपण ओढलेल्याची किंमत ते भरते, आणि हे वाचून कुणी घरात ओढणे थांबवले तर पुढे वर्णन केलेली एखादी शस्त्रक्रिया कायमची टळेल.

माणसाच्या आणि कुत्र्याच्या रोगात एक मोठा फरक आहे आणि पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. माणसांत मूत्राशयाच्या बहुतेक गाठी निदानाच्या वेळी वरवरच्या असतात. दुर्बिणीतून त्या खरवडून काढता येतात आणि अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. कुत्र्यात गाठ सापडते तेव्हा ती बहुधा मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली असते. तिची आवडती जागाही वाईट. दोन्ही मूत्रवाहिन्या जिथे मूत्राशयात उघडतात आणि जिथून मूत्रमार्ग सुरू होतो, तो त्रिकोणी भाग म्हणजे ट्रायगोन. त्यात गाठ वाढली की ती खाली मूत्रमार्ग दाबते आणि वर मूत्रपिंडांकडून येणारी लघवी अडवते. निम्म्याहून अधिक कुत्र्यांत मूत्रमार्गही बाधित असतो, आणि नरांत पुष्कळदा प्रोस्टेटही.

मग कापून का काढत नाहीत? ट्रायगोन काढणे म्हणजे दोन्ही मूत्रवाहिन्यांची तोंडे, मूत्रमार्गाचा आरंभ आणि लघवी धरून ठेवणाऱ्या नसा यांवर एकदम सुरी चालवणे. शिवाय मूत्राशयाचे अस्तर जागोजागी बिघडलेले असते. एक गाठ काढली तरी दुसरीकडे नवी उगवते. मूत्राशयाच्या वरच्या टोकाला एकटी गाठ असेल तेव्हाच शस्त्रक्रियेचा विचार सरळ होतो, आणि तसे क्वचित घडते. या कर्करोगाच्या पेशी सुईच्या वाटेने किंवा टाक्यांच्या रेषेने पोटाच्या भिंतीत रुजतात, हेही लक्षात ठेवावे लागते. त्यामुळे गाठीचा संशय असेल तर पोटातून सुई घालून लघवी किंवा नमुना घेऊ नये, असा सल्ला कर्करोगतज्ज्ञ देतात. लघवीचा नमुना तपासताना सवयीने पोटातून सुई घालणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात हे वाक्य भिंतीवर लावण्यासारखे आहे.

निदानाचा रस्ता २०१५ नंतर सोपा झाला. अमेरिकेतल्या दोन गटांनी त्या वर्षी दाखवले की कुत्र्यांच्या या गाठींपैकी सुमारे ऐंशी टक्के गाठींत 'ब्राफ' नावाच्या जनुकात एकाच ठिकाणी बदल झालेला असतो. त्यावरून साध्या लघवीतून होणारी चाचणी निघाली. ती 'नाही' म्हणाली तरी रोग नाही असे ठरत नाही. पण 'होय' म्हणाली तर भूल न देता, सुई न घालता उत्तर मिळते. बाकी सोनोग्राफी, दुर्बिणीतून घेतलेला तुकडा आणि कॅथेटरने खरवडून आलेल्या पेशी हे जुने मार्ग आहेतच.

ही सगळी माहिती असूनही निदान उशिरा होते, कारण सुरुवातीची लक्षणे साध्या जंतुसंसर्गासारखी असतात. लघवीत रक्त, वारंवार बसणे, थेंब थेंब होणे, कुंथणे. प्रतिजैविक दिले की चार दिवस बरे वाटते, कारण गाठीवर खरोखरच जंतूही वाढलेले असतात. मग पुन्हा त्रास, पुन्हा गोळ्या. असे दोन-तीन फेरे होईपर्यंत महिने निघून जातात.

लघवी तुंबल्यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पोटाच्या भिंतीतून थेट मूत्राशयात बसवलेली नळी, सिस्टॉस्टमी ट्यूब. या कर्करोगासाठी कायमची नळी बसवण्याचे अनुभव १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठीला बाजूला ठेवून लघवीला नवी वाट मिळते, आणि मालक दिवसातून तीन-चारदा नळी उघडून मूत्राशय रिकामे करतो. उपाय साधा आहे, जवळपास कुठेही करता येतो, आणि त्याला क्ष-किरणांचे महागडे यंत्र लागत नाही. पण कुत्र्यासारख्या चाटणाऱ्या, लोळणाऱ्या, जिन्याला घासत जाणाऱ्या जिवाला पोटातून नळी बाहेर आलेली सांभाळणे कठीण. वेगवेगळ्या कारणांसाठी नळी बसवलेल्या ७६ कुत्र्या-मांजरांच्या एका आढाव्यात जवळपास निम्म्यांना काही ना काही गुंतागुंत झाली: नळी निसटली, चावून तोडली, भोवती जखम झाली. जंतुसंसर्ग तर जवळपास गृहीतच धरावा लागतो. तरीही मला हा उपाय कालबाह्य वाटत नाही. तुंबलेल्या कुत्र्याला आज रात्री वाचवायचे असेल आणि स्टेंट बसवणारा तज्ज्ञ दोनशे किलोमीटरवर असेल, तर नळीच कामी येते.

स्टेंट ही या विषयातली खरी कलाटणी. माणसांच्या रक्तवाहिन्यांत बारीक तार घालून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत काम करण्याची शाखा १९६० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांच्या कामातून सुरू झाली. पशुवैद्यकात ती आणण्याचे मोठे श्रेय चिक वाइस आणि अ‍ॅलिसन बेरेंट यांना जाते. आधी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आणि मग न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमध्ये त्यांनी ही पद्धत घडवली. २००६ साली वाइस आणि सहकाऱ्यांनी बारा कुत्र्यांच्या मूत्रमार्गात बसवलेल्या स्टेंटचे अनुभव प्रसिद्ध केले आणि तिथून ही शस्त्रक्रिया नियमित झाली.

प्रत्यक्षात काय होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आधी कुत्र्याला स्थिर करतात: शिरेतून पाणी, पोटॅशियमवर उपचार, शक्य असेल तर साधा कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे. मग भूल. कुत्रे कुशीवर, वर क्ष-किरणांचा सी-आर्म. मोठ्या आतड्यात खुणा असलेली एक नळी सरकवतात. तिच्यावरच्या ठरावीक अंतराच्या खुणा पडद्यावर दिसतात आणि त्यावरून मूत्रमार्गाचे खरे माप काढता येते. मूत्रमार्गातून वर एक बारीक तार जाते, मादीत योनिमार्गातून आणि नरात शिश्नाच्या टोकातून. मूत्राशयात क्ष-किरणांत दिसणारा द्रव भरून तो बाहेर येताना चित्रे घेतात, म्हणजे गाठीने किती लांबीची वाट चिंचोळी केली आहे आणि निरोगी भाग किती रुंद आहे हे दिसते. स्टेंट निवडतात तो निरोगी मूत्रमार्गापेक्षा दहा-पंधरा टक्के जाड आणि गाठीच्या दोन्ही बाजूंना साधारण एकेक सेंटिमीटर पुढे जाईल एवढा. दुमडलेल्या अवस्थेत तो तारेवरून वर सरकवतात आणि जागेवर आला की आवरण मागे ओढतात. निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची ती जाळी आपोआप फुलते आणि गाठीला भिंतीकडे दाबून वाट उघडी ठेवते. टाका नाही, चीर नाही. बरीच कुत्री त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

एकदा फुललेली जाळी पुन्हा काढता येत नाही, असेच धरून चालायचे असते. म्हणून मापाचा सगळा अट्टहास. जाळी फुलताना थोडी आखूड होते, तोही हिशेब आधी करावा लागतो. आखूड बसली तर गाठ टोकावरून पुढे वाढते. लांब बसली तर मूत्राशयात खुपते किंवा बाहेरच्या बाजूला अडते. सैल बसली तर सरकते.

२०१३ साली वाइस-बेरेंट यांच्या गटाने ४२ कुत्र्यांचा मोठा आढावा दिला. त्यात ४१ कुत्र्यांची अडलेली लघवी मोकळी झाली. सुमारे ९८ टक्के. पशुवैद्यकातल्या कोणत्याही उपशामक शस्त्रक्रियेसाठी हा आकडा थक्क करणारा आहे. पण त्याच लेखात दोन आकडे आणखी आहेत आणि ते पहिल्याइतक्याच मोठ्याने सांगितले पाहिजेत. सुमारे २६ टक्के कुत्र्यांना स्टेंटनंतर तीव्र स्वरूपाची लघवीची गळती झाली. आणि स्टेंटनंतरचे मध्यमान आयुष्य ७८ दिवसांचे होते, म्हणजे निम्मी कुत्री तेवढ्या दिवसांच्या आत गेली आणि निम्मी त्यापुढे जगली.

आधी गळतीचे. मूत्रमार्गाची भिंत एरवी मिटलेली राहते म्हणून लघवी आत टिकते. जाळी ती भिंत सतत उघडी धरते. लघवी धरणारा स्नायू जाळीखाली आला तर त्याला मिटायला जागाच उरत नाही. शिवाय कित्येक दिवस ताणलेल्या मूत्राशयाची आकुंचनाची ताकद गेलेली असते, किंवा गाठीमुळे ते कडक झालेले असते. म्हणून तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये गालिच्यावर झोपणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगायला हवे: चारांतल्या एकाला डायपर लागू शकतो, कातडीला लघवीची आग होते, बिछाना रोज धुवावा लागतो. काही घरांना हे सहज जमते. काहींना जमत नाही आणि महिन्याभराने, मोकळ्या लघवीचे कुत्रे असूनही, ते त्याला निरोप देतात. त्यांना मी दोष देणार नाही. दोष द्यायचाच तर तो, हे आधी न सांगणाऱ्या डॉक्टरला देईन.

आता ७८ दिवसांचे. याच अभ्यासात ज्या कुत्र्यांना स्टेंटच्या आधी दाहशामक गोळ्या आणि नंतर केमो मिळाली, त्यांचे मध्यमान आयुष्य २५१ दिवसांचे झाले. तिपटीहून अधिक. हा फरक वाचून सगळे श्रेय औषधांना देण्याचा मोह होतो. तसा निष्कर्ष काढता येत नाही. ज्या मालकाने स्टेंटनंतर केमोचा खर्च आणि खेटे स्वीकारले, त्याचे कुत्रे बहुधा मुळातच बऱ्या अवस्थेत होते आणि त्याची तयारीही जास्त होती. मात्र एक गोष्ट या आकड्यांतून पुरेशी स्पष्ट होते. स्टेंट वाट उघडतो आणि गाठ तशीच सोडतो. जाळीच्या पोकळीतून गाठ आत वाढू शकते, मूत्रवाहिन्या अडवू शकते, फुप्फुसात जाऊ शकते. मोकळ्या झालेल्या वाटेमुळे औषधांना काम करायला वेळ मिळतो. तो वेळ वापरला नाही तर शस्त्रक्रिया अर्धीच राहते, असे माझे ठाम मत आहे.

औषधांची गोष्ट इथे थोडक्यात सांगतो. पर्ड्यूच्या नॅप यांनी १९९४ मध्ये पायरॉक्सिकॅम या सांधेदुखीवरच्या जुन्या दाहशामक गोळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३४ कुत्र्यांपैकी दोघांची गाठ पूर्ण नाहीशी झाली, चौघांची बरीच आक्रसली, अठरा कुत्र्यांत ती तिथेच थांबली. मध्यमान आयुष्य १८१ दिवसांचे. स्वस्त गोळीसाठी ही मोठी कामगिरी. मायटोझँट्रोन आणि विनब्लास्टीन ही इंजेक्शने तिच्या जोडीला आली. २०२२ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या गटाने लपॅटिनिब ही माणसांच्या स्तनकर्करोगावरची गोळी पायरॉक्सिकॅमसोबत वापरली आणि निम्म्याहून अधिक कुत्र्यांत गाठ लहान झाल्याचे दाखवले. पायरॉक्सिकॅम पोटात व्रण करू शकते आणि दुखावलेल्या मूत्रपिंडांना झेपत नाही. म्हणजे जिथे मूत्रवाहिनी अडलेली आहे, नेमके तिथेच ही सर्वांत उपयोगी गोळी देणे अवघड होते. पुढच्या शस्त्रक्रियेचा विचार इथून सुरू होतो.

मूत्रवाहिनी अडते ती आवाज न करता. एक मूत्रपिंड फुगते, दुसरे काम सांभाळते, कुत्रे नेहमीसारखे खाते-पिते. दुसरी बाजूही अडली की मग एकदम सगळे कोसळते. मुतखड्याचे ऑपरेशन झालेल्या कुणालाही 'डीजे स्टेंट' माहीत असतो: दोन्ही टोकांना वेटोळे असलेली मऊ प्लॅस्टिकची नळी, एक वेटोळे मूत्रपिंडात, दुसरे मूत्राशयात. तीच कल्पना कुत्र्यांत वापरतात. अडचण एवढीच की माणसात दुर्बिणीतून मूत्रवाहिनीचे तोंड शोधतात, आणि इथे ते तोंड गाठीखाली गाडलेले असते. म्हणून २०११ साली बेरेंट आणि सहकाऱ्यांनी उलटी वाट धरली: सोनोग्राफीच्या मदतीने पाठीमागून कातडीतून थेट मूत्रपिंडात सुई, त्यातून तार खाली मूत्रवाहिनीत, गाठीतून पार मूत्राशयात आणि मूत्रमार्गातून बाहेर. मग तिच्यावरून नळी सरकवायची. बारा कुत्र्यांत त्यांनी हे केले. स्टेंटनंतरचे मध्यमान आयुष्य ५७ दिवसांचे होते, पण काही कुत्री जवळपास वर्षभर जगली. ५७ हा आकडा लहान आहे, हे मान्य. मात्र ही कुत्री आधीच महिनोन्‌महिने रोगाशी झुंजत आलेली होती, आणि फुगलेले मूत्रपिंड मोकळे झाल्याशिवाय त्यांना पुढचे कोणतेही औषध देणे धोक्याचे होते.

लेझरची वाट याहून वेगळी. इथे गाठीला बाजूला न सारता ती जाळायची असते. २००६ मध्ये आठ कुत्र्यांत कार्बन डायऑक्साइड लेझर वापरून, जोडीला मायटोझँट्रोन आणि पायरॉक्सिकॅम देऊन, मध्यमान आयुष्य २९९ दिवसांपर्यंत गेल्याचे प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये सर्फ आणि लिंडक्विस्ट यांनी ३८ कुत्र्यांत दुर्बिणीतून डायोड लेझरचा धागा आत घातला आणि बाहेरून सोनोग्राफीवर पाहत गाठ जाळली. ही जोड महत्त्वाची आहे, कारण दुर्बिणीतून फक्त पृष्ठभाग दिसतो; भिंत किती उरली आहे, लेझर कुठवर पोचला आहे, हे सोनोग्राफी सांगते. औषधांसह त्यांच्या कुत्र्यांचे मध्यमान आयुष्य ३८० दिवसांचे होते.

हा आकडा स्टेंटच्या ७८ शेजारी ठेवून लेझर सरस ठरवणे चुकीचे होईल. स्टेंटकडे येणारी कुत्री पूर्ण तुंबलेली, शेवटच्या टप्प्यातली. लेझरकडे येणारी बहुधा त्याआधीची. लेझर पुन:पुन्हा करावा लागतो, कारण स्नायूत शिरलेली मुळे जागेवर राहतात. आणि धोका खरा आहे: गाठीने खाल्लेली भिंत पातळ झालेली असते. २००४ मध्ये सहा कुत्र्यांत विजेच्या तारेने मूत्रमार्गातली गाठ खरवडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मूत्रमार्गाला भोक पडण्याची अडचण समोर आली. लेझरमध्येही ती टळलेली नाही. ज्याने हे शेकडोदा केले आहे अशाच हातांत हे तंत्र सोपवावे, असे मला वाटते, आणि तसे हात जगात फार थोडे आहेत.

नरांच्या प्रोस्टेटमध्ये गाठ असेल तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठाच्या गटाने आणखी एक मार्ग दाखवला आहे. मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून तार प्रोस्टेटच्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊन तिथे सूक्ष्म कण सोडायचे आणि गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा. विल्यम कल्प आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वीस कुत्र्यांचे अनुभव दिले. महिन्याभरात प्रोस्टेट लक्षणीय आक्रसली, कुंथणे कमी झाले. मोठी प्रोस्टेट मागे आतडेही दाबते, त्यामुळे शी करतानाच्या वेदनाही कमी झाल्या. याच गटाने गाठीच्या धमनीत थेट केमो सोडण्याचेही प्रयोग केले आहेत. या सगळ्यांत मला सर्वांत आश्वासक वाटते ती ही दिशा, कारण तिच्यात वाट मोकळी होते आणि गाठही दुबळी होते, शिवाय लघवी धरणारा स्नायू जाळीखाली जात नाही.

आता आकड्यांविषयी एक मूलभूत गोष्ट. वर दिलेले शस्त्रक्रियांचे बहुतेक अभ्यास दहा, वीस, चाळीस कुत्र्यांचे आहेत, जुन्या केसपेपरवरून मागे वळून केलेले, तुलनेसाठी दुसरा गट नसलेले. त्याहून मोठी अडचण वेगळीच. माणसाच्या अभ्यासात आयुष्य संपते ते रोगाने. कुत्र्याच्या अभ्यासात ते बहुतेक वेळा मालकाच्या निर्णयाने संपते. म्हणजे 'मध्यमान आयुष्य ७८ दिवस' या आकड्यात गाठीची वाढ आहेच, पण घरातली जागा, पगार, पावसाळ्यात कुत्र्याला खाली नेणारे कोणी आहे की नाही, जवळचा दवाखाना किती दूर, हेही सगळे मिसळलेले आहे. न्यूयॉर्कच्या अपार्टमेंटमधल्या आणि अंगण असलेल्या घरातल्या कुत्र्याचा आकडा एकच असणार नाही, गाठ एकसारखी असली तरी.

त्यामुळे उपशामक शस्त्रक्रियेचे यश दिवसांत मोजणे मला अपुरे वाटते. मोजायला हवे ते असे: दिवसातून किती वेळा कुंथावे लागते, रात्री सलग किती तास झोप लागते, लघवीत रक्त किती, भूक, फिरायला जाण्याची इच्छा, गळती कितपत. मालकाने रोज भरायची अशी साधी पाने काही ठिकाणी वापरली जातात, पण शस्त्रक्रियांच्या अभ्यासांत ती क्वचितच मुख्य निष्कर्षात येतात. ज्या उपचाराचा एकमेव हेतू त्रास कमी करणे हा आहे, त्याच्या अहवालात त्रासाचे मोजमाप तळटीपेसारखे यावे, ही या क्षेत्रातली मोठी उणीव आहे. दोनशे दिवस कुंथत जगलेले कुत्रे आणि साठ दिवस मजेत जगलेले कुत्रे यांत कोणाचा उपचार यशस्वी झाला, हे आकड्यांच्या तक्त्यातून आज कळत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक वळण आहे. इथल्या कुत्र्याच्या लघवीत रक्त दिसले की पहिला संशय कर्करोगाचा नसतो आणि नसावाही. गोचिडांतून येणारे बबेसियासारखे आजार लघवी लाल-तपकिरी करतात. मुतखडे सर्रास असतात. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस असतो. आणि संभोगातून पसरणारी टीव्हीटी ही गाठ आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांत इतकी सामान्य आहे की योनीतून किंवा शिश्नातून रक्त ठिबकताना दिसले तर आधी तिचाच विचार करावा लागतो. तीही मूत्रमार्गाच्या तोंडाशी वाढून लघवी अडवू शकते. फरक असा, की टीव्हीटी व्हिन्क्रिस्टीनच्या काही आठवड्यांच्या इंजेक्शनांनी बहुतेकदा पूर्ण बरी होते. नमुना न तपासता कुणी 'कर्करोग आहे, झोपवू या' म्हटले, तर बरे होऊ शकणारे कुत्रे हकनाक जाईल. उलट चूकही घडते. दहा वर्षांच्या बीगल मादीला संसर्ग म्हणून चौथ्यांदा प्रतिजैविक दिले जात असते तेव्हा ती खरे तर सोनोग्राफीच्या टेबलावर असायला हवी.

स्टेंट बसवायला लागणारा सी-आर्म आपल्याकडच्या मानवी रुग्णालयांत जिल्ह्याच्या ठिकाणीही असतो, आणि मूत्रमार्गात तार फिरवण्याचा सराव असलेले यूरॉलॉजिस्टही शहरोशहरी आहेत. पशुवैद्याने शरीररचना आणि भूल सांभाळायची, मानवी डॉक्टरने तार आणि पडदा, अशी जोडी व्हायला हरकत कायद्याची कमी आणि सवयीची जास्त आहे, असे मला वाटते. सुरुवात मूत्रमार्गाच्या स्टेंटपासून व्हावी. त्याचे तंत्र तुलनेने सरळ आहे, आणि तुंबलेल्या कुत्र्याला मिळणारा आराम त्याच संध्याकाळी दिसतो.

स्टेंट बसवून घरी आल्यावर काय करायचे हे शस्त्रक्रियेच्या दिवशीच कागदावर लिहून घ्यावे. पहिल्या दोन आठवड्यांत लघवी किती वेळा आणि किती, रक्त, गळती, ताप यांची रोजची नोंद. लघवीची जंतूंसाठी तपासणी ठरावीक अंतराने, लक्षणे नसली तरी. मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या, कारण पायरॉक्सिकॅम किंवा तिच्या जातीची गोळी चालू असणार. छातीचा एक्स-रे. आणि दर महिना-दीड महिन्याने दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी. मूत्रमार्ग मोकळा असताना वरची मूत्रवाहिनी अडत असेल तर ती फक्त तिथेच दिसते, कुत्र्याच्या वागण्यात दिसायला तेव्हा अजून काही आठवडे असतात.